ब्राझीलची राजधानी

शिवलिंगअप्पांबद्दल चांगलं बोलणारा आमच्या गल्लीत एकच माणूस होता, ते स्वतः. माणूस गेला की त्याच्याविषयी मऊ बोलायची आपल्याकडे रीत आहे. मला ती कधी जमली नाही, आणि यांच्या बाबतीत जमावी असं वाटतही नाही.

मी त्यांची भाडेकरू होते. सोलापुरात मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायला लागले तेव्हा मंगळवार पेठेच्या मागच्या गल्लीत त्यांच्या घराच्या दोन खोल्या घेतल्या आणि आईला घेऊन राहिले. मध्ये फरशीचा चौक आणि पलीकडे ते. सगळे त्यांना अण्णा म्हणत. पांढरंशुभ्र धोतर, बंद गळ्याचा कोट, कपाळभर विभूती. दिसायला भारदस्त. मागावाल्यांना सूत विकायचं दुकान होतं, ते थोरल्या भावानं उभं केलेलं. भाऊ-भावजय पाठोपाठ गेली तेव्हा दुकान अण्णांकडे आलं आणि त्यांची एकुलती मुलगी महानंदा, तीही आली. अण्णांना स्वतःचं मूल नव्हतं. दुकान मुनीम चालवत होता आणि मुलीला अण्णांची बायको शांतव्वा वाढवत होती. अण्णांकडे करण्यासारखं राहिलं होतं ते ज्ञान.

तरुणपणी दोन वर्षं ते पुण्याला कॉलेजात होते. पदवी न घेताच परत आले. का, ते कधी नीट कळलं नाही. मला एकदा म्हणाले प्रकृती बिघडली, पुढं कधीतरी म्हणाले प्रोफेसरांशी मतभेद झाले. पण त्या दोन वर्षांवर ते जन्मभर विद्वान राहिले. चार माणसांत ‘किंबहुना’, ‘तद्वतच’ घालून पुस्तकी बोलत. राग आला की ते सगळं गळून पडे आणि आतला पेठेतला माणूस बाहेर येई. बायकोशी कानडीत बोलत, आणि बहुतेक वेळा एवढंच, “सुम्न कूड.” म्हणजे गप्प बस. शांतव्वा गप्प बसत. त्यांच्या घरात मी दिवसातून चारदा जायची. कधी विरजण मागायला, कधी नुसतीच. तो सगळा संसार त्या एकट्या बाईच्या हातावर चाललेला मी बघत होते.

टेलिव्हिजन तेव्हा आमच्याकडे नव्हता. मुंबई-पुण्याला जाऊन आलेले लोक त्याच्या गोष्टी सांगत, तेवढाच. आमचा सगळा जीव रेडिओत. रविवारी दुपारी पुण्याच्या रेडिओवरून सामान्यज्ञानाच्या प्रश्नांचा एक कार्यक्रम लागे. दोन स्पर्धक आणि प्रश्न विचारणारे एक गृहस्थ. जिंकेल तो पुढच्या रविवारी पुन्हा येई, हरेल तो घरी जाई. कोण टिकलं, कोण पडलं यावर आठवडाभर पानाच्या टपरीपासून नळापर्यंत बोलणं चाले. स्पर्धकांची नावं आम्हांला नातेवाइकांसारखी पाठ होती. गल्लीत आणखीही रेडिओ होते, पण अण्णांचा मोठा, आणि ते लोकांना बोलावत. कार्यक्रम ऐकवायला नव्हे. आपण तो कसे ऐकतो हे लोकांनी बघावं म्हणून.

ओसरीत टेबलावर रेडिओ, शेजारी खुर्चीत अण्णा, खाली सतरंजीवर गल्ली. प्रश्न आला की ते हात वर करत, म्हणजे कोणी बोलायचं नाही. स्पर्धकाचं उत्तर बरोबर ठरलं की हात खाली येई आणि अण्णा म्हणत, “हेच.” चुकलं आणि बरोबर उत्तर रेडिओवरून सांगितलं गेलं, तरीही “हेच.” स्वतः आधी तोंड उघडायचा धोका ते कधी घेत नसत. शेजारचा नरसय्या हा माग चालवणारा साधा तेलुगू माणूस. एकदा तो भोळेपणानं म्हणाला, “अण्णा, तुमी आधी सांगा की. मग आमास्नी बी मजा येईल.” पुढच्या रविवारी नरसय्याला बोलावणं गेलं नाही. बिचारा चौकाच्या भिंतीपलीकडे उभा राहून ऐकत होता.

एकदा शेवटच्या प्रश्नाला वीज गेली. सांगलीची एक बाई आणि नगरचे एक वकील समोरासमोर होते. सगळे हळहळले. अण्णांनी खुर्चीतून निकाल दिला, की बाई जिंकली, वकिलाला ते उत्तर येणं शक्य नाही. पुढच्या रविवारी वकीलच आले. अण्णा शांतपणे म्हणाले, बाईंनी माघार घेतली असणार, बायकांना घरची अडचण असते.

हे हसण्यासारखं होतं आणि आम्ही हसतही होतो. पण त्या माणसाचा खरा स्वभाव मला कळला तो कराडच्या पोस्टातल्या कारकुनामुळे. तो गृहस्थ ओळीनं कितीतरी रविवार जिंकत गेला. तिसऱ्या विजयाला अण्णा त्याला ‘आपले कराडकर’ म्हणायला लागले. चौथ्याला त्यांनी गल्लीत पेढे वाटले. दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला सांगत, की अमुक प्रश्नाला तो जरा अडखळला पण मी मनातून म्हटलं, बोल बाबा, बोल. असं वाटावं की त्याला घरी ठेवून शिकवलाय. मग एका रविवारी तो एका साध्या प्रश्नावर पडला. आवाजावरून कळत होतं की माणूस दमला आहे. सतरंजीवर कोणीतरी ‘अरेरे’ म्हटलं. अण्णांनी रेडिओ बंद केला आणि म्हणाले, “त्याचं तोंड बघूनच मला पहिल्या दिवशी कळलं होतं. दम न्हाय ह्या माणसात.”

तोंड बघून, आणि तेही रेडिओवर. त्या दिवसानंतर त्यांनी कराडकरांचं नाव काढलं नाही, आणि दुसऱ्या कोणी काढलं तर ‘कोण?’ म्हणून विचारलं. जिंकतोय तोवर आपला, पडला की कोण. माणसांशी वागायची त्यांना एवढी एकच तऱ्हा ठाऊक होती, हे मला तेव्हा कळलं. ती घरातल्या माणसालाही लागू होणार आहे, हे कळायला आणखी दोन वर्षं गेली.

महानंदा, म्हणजे आमची नंदा, माझ्याच वर्गात होती. हुशार पोर, पण आवाज न करणारी. ओसरीत ती काकूच्या मागे, स्वयंपाकघराच्या दाराशी बसून कार्यक्रम ऐके. उत्तरं तिला येत. ओठ हललेले मला दिसत, आवाज कधी आला नाही. एकदाच आला. कोणत्या तरी प्रश्नावरून ब्राझीलचा विषय निघाला आणि अण्णा लोकांना सांगायला लागले की रिओ डी जानेरो ही त्या देशाची राजधानी. दारातून नंदा म्हणाली, “काका, आता ब्राझिलिया आहे.”

अण्णा उठून आत गेले आणि स्वतःचं शाळेतलं भूगोलाचं पुस्तक घेऊन आले. पिवळी पडलेली पानं उघडून त्यांनी ते तिच्यासमोर धरलं आणि सगळ्यांसमोर तिला मोठ्यानं वाचायला लावलं. एकदा वाचलं, पुन्हा वाच म्हणाले. ती वाचत राहिली. तिचे कान लाल झाले होते. मला राहवलं नाही. मी म्हटलं, “अण्णा, राजधानी हलवली त्यांनी. त्याला दहा-बारा वर्षं झाली. मीच शिकवलंय तिला.”

“बाई,” ते म्हणाले, “राजधानी म्हणजे भाड्याची खोली नव्हे, मनात आलं की बदलायला.”

लोक हसले. नंदानं पुस्तक मिटून टेबलावर ठेवलं आणि आत गेली. त्यानंतर ती ओसरीत कधी बोलली नाही.

ती अकरावीला असताना त्या कार्यक्रमात विद्यार्थ्यांची फेरी ठेवायचं ठरलं. आमच्या मुख्याध्यापिकांनी नंदाचं नाव पाठवलं आणि तिला पुण्याचं बोलावणं आलं. अण्णा एका रात्रीत बदलले. जिच्याकडे कधी मान वळवून बघितलं नव्हतं, तिला समोर खुर्ची देऊन बसवू लागले. सकाळ-संध्याकाळ प्रश्न विचारत. तिचं उत्तर आलं की स्वतःच दोनदा म्हणत, जणू तिला तेच देत होते. गल्लीत जाहीर करून टाकलं की तीन रविवार जिंकली तर पोरीला पुण्याच्या कॉलेजात घालणार. नंदाला पुण्याला शिकायचं होतं. विज्ञान घ्यायचं होतं. त्या घरात ते बोलायची सोय नव्हती, आणि आता काकांनी ते आपण होऊन चौघांत म्हटलं होतं. मी तिला इतकी आनंदात कधी पाहिली नव्हती.

पुण्याला अण्णा स्वतः गेले नाहीत. म्हणाले, मी समोर बसलो तर लोक म्हणतील उत्तरं मीच पुरवली. शांतव्वा तिला घेऊन गेल्या. त्यांचा भाऊ पुण्यात रेल्वेत होता, त्याच्याकडे उतरल्या. कार्यक्रमाचे बरेच भाग एकाच दिवशी ध्वनिमुद्रित करून ठेवत आणि मग एकेका रविवारी लावत. निकाल कुठं बोलायचा नाही असं सगळ्यांना बजावलेलं होतं. दोघी परत आल्या आणि काही बोलल्या नाहीत. अण्णांनी विचारलंही नाही. “मी तयार केलेली पोरगी,” म्हणाले, “विचारायचं काय त्यात?”

पहिल्या रविवारी नंदा जिंकली. रेडिओतून तिचा आवाज आला तेव्हा ओसरीतल्या बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं. अण्णांनी हार आणून ठेवला होता. तो मुनिमाकडून त्यांनी स्वतःच्या गळ्यात घालून घेतला. दुसऱ्या रविवारीही ती जिंकली. सूत बाजारातले व्यापारी घरी येऊन अण्णांचं अभिनंदन करून गेले. दुकानातून तिच्यासाठी इरकली साडी आली. पण नंदा वाळत चालली होती. शाळेत तिला मी विचारलं तर पोट दुखतं म्हणाली. शांतव्वा दोन्ही रविवारी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या नाहीत. मला काहीतरी खटकत होतं, पण मी म्हटलं दडपण असेल.

तिसऱ्या रविवारसाठी चौकात मांडव घातला. रेडिओ बाहेर काढला. मंद्रूपहून अण्णांचे भाऊबंद आले होते, बाजारातले मोठे लोक पुढं खुर्च्यांवर होते, मागं अख्खी गल्ली. नरसय्यालासुद्धा यायची परवानगी मिळाली. नंदाला अण्णांनी नवी साडी नेसायला लावून शेजारी बसवलं. तिचे हात मांडीवर होते आणि ती फरशीकडे बघत होती.

समोर कोल्हापूरचा एक मुलगा होता. बरोबरीत चाललं होतं. शेवटचे प्रश्न आले. मुलाचा एक चुकला. आता नंदाला एकच उत्तर द्यायचं होतं. रेडिओतल्या गृहस्थांनी विचारलं, “ब्राझील देशाची राजधानी कोणती?”

अण्णांनी हात वर केला नाही. आयुष्यात पहिल्यांदा ते स्पर्धकाच्या आधी बोलले. मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “रिओ डी जानेरो.”

रेडिओत थोडी शांतता होती. मग नंदाचा आवाज आला, “रिओ डी जानेरो.”

अण्णांनी मांडीवर थाप मारली. पुढच्या खुर्च्यांवरून टाळ्या सुरू झाल्या आणि त्या टाळ्यांत रेडिओतले गृहस्थ हळहळून म्हणाले की उत्तर चूक आहे, बरोबर उत्तर ब्राझिलिया. ते पहिल्या रांगेत ऐकू आलं आणि टाळ्या पुढून मागे एकेक करत बंद पडल्या.

मी अण्णांकडे बघत होते. मला वाटलं, आता तरी हा माणूस खाली बघेल. सगळ्या मांडवानं त्यांचं उत्तर त्यांच्या तोंडून ऐकलं होतं. पण ते नंदाकडे वळले.

“कुणी शिकवलं तुला हे?” आणि मग माझ्याकडे बोट केलं. “ह्या बाईंच्या शाळेत हेच शिकवत्यात. तरी मी सांगत होतो.”

मी तोंड उघडणार तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून शांतव्वांचा आवाज आला. मोठा नव्हता. “तुमीच शिकवलंय की.”

अण्णा नेहमीचे दोन कानडी शब्द बोलले. पण शांतव्वा दारातून हलल्या नाहीत. पाहुणे चपला शोधायला लागले. नंदा उठली, काकूच्या अंगावरून आत गेली, आणि थोड्या वेळानं तिची नवी साडी घडी होऊन बाहेर खुर्चीवर आली.

संध्याकाळी ती माझ्या खोलीत आली. मी तिला रागावले नाही, फक्त विचारलं की तुला तर येत होतं. ती म्हणाली, “दोन्ही आठवलं होतं बाई. पण काका सगळ्यांना बसवून ऐकणार होते. ब्राझिलिया म्हटलं असतं तर त्यांचं तोंड कसं झालं असतं.”

सतरा वर्षांची पोर. पुण्याचं कॉलेज एका बाजूला आणि काकाची अब्रू दुसऱ्या बाजूला, आणि विचार करायला घोटभर वेळ. तिनं त्याची अब्रू राखली. परत येऊन आठवडेच्या आठवडे ते पोटात ठेवलं, त्यांचे हार बघितले, त्यांनी दिलेली साडी नेसली. आणि त्यानं काय केलं, तर बोट दाखवलं. मी अण्णांना आधी हास्यास्पद समजत होते. त्या संध्याकाळपासून ते मला नकोसे झाले.

मी हे त्यांना जाऊन सांगणार होते. नंदानं हात धरला. म्हणाली, त्यांना पटणार नाही बाई, आणि काकूला त्रास होईल. खरंच होतं ते.

दुसऱ्या दिवसापासून अण्णा नंदाशी बोलेनासे झाले. ती समोरून गेली तर वर्तमानपत्र उघडत. कोणी विचारलं तर म्हणत, मुलींच्या डोक्याला मर्यादा असतेच. कॉलेजचा विषय बंद. परीक्षा झाल्याबरोबर टेंभुर्णीचं स्थळ आणलं. ट्रकचा धंदा, पहिली बायको वारलेली. मुलाकडचे बघायला यायचे होते. त्याच्या आदल्या गुरुवारी अण्णा दुकानात गेल्यावर शांतव्वा माझ्याकडे आल्या. डोक्यावरून पदर, हातात एक पिशवी. म्हणाल्या, “बाई, पोरीला घिऊन पुण्याला जातेय, भावाकडं. त्यांनी विचारलं तर सांगा. न्हाय विचारलं तर नका सांगू.”

अण्णांनी विचारलं नाही. मुनिमाकडून डबा मागवून जेवत राहिले. टेंभुर्णीच्या लोकांना कळवलं की मुलगी आजारी आहे. कॉलेजात नंदाचं नाव घालून शांतव्वा एकट्या परत आल्या, हातपाय धुतले आणि पीठ मळायला बसल्या. त्या रात्री पलीकडून भांडणाचा आवाज येईल म्हणून मी आणि आई कान देऊन होतो. काहीच ऐकू आलं नाही. बोलायला तोंड लागतं, आणि मांडवातल्या त्या एका वाक्यानंतर बायकोपुढं ते अण्णांकडे उरलं नव्हतं. रविवारची सतरंजी मात्र पुन्हा पडू लागली. लोक कमी येत. नवे स्पर्धक आले, नवे ‘आपले’ झाले, नवे पडले.

नंदाला तिच्या मामांनी, म्हणजे शांतव्वांच्या भावानं, सांभाळलं. सुट्टीत ती सोलापूरला यायची नाही. शांतव्वाच जाऊन यायच्या. ती एम.एस्सी. पहिल्या वर्गात झाली आणि पुण्यातच एका कॉलेजात शिकवायला लागली. ते सोलापूरच्या वर्तमानपत्रात चार ओळींत आलं. त्या दिवशी अण्णा ओसरीत येईल-जाईल त्याला सांगत होते की माझी पुतणी, पहिल्यापासून मीच तयारी करून घेतली. मी चौकात कपडे वाळत घालत होते. मला बघूनसुद्धा त्यांचा आवाज खाली आला नाही.

त्याच वर्षी माझी बार्शीला बदली झाली. सामान बांधत होते तेव्हा शांतव्वांनी सांगितलं की नंदानं पुण्यात दोन खोल्या घेतल्यात, आता मी तिच्याकडंच राहणार. किती दिवस, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, “आता राह्यलेत तेवढे.”

मी त्यांना स्टेशनवर पोचवायला गेले. अण्णाही आले होते, कोट घालून. लोकांनी बघितलं तर बायकोला हवापालटाला पाठवतोय असं दिसावं म्हणून आले असावेत. एका ओळखीच्या व्यापाऱ्याला त्यांनी तसं सांगितलंही. शांतव्वा खिडकीत बसल्या. अण्णा खिडकीशी उभे राहून कुठलं स्टेशन किती वाजता येतं, कुर्डुवाडीला गाडी किती थांबते, भीमेचा पूल कोणत्या बाजूला नीट दिसतो, हे सगळं सांगत होते. शांतव्वा ऐकत होत्या. पस्तीस वर्षं ऐकलं होतं तसंच.

गाडीनं शिटी दिली तेव्हा त्या खिडकीतून थोड्या वाकल्या. “मीठ कुटं ठेवलंय, ठाऊक हाय का तुमास्नी?”

शांतव्वांनी क्षणभर वाट पाहिली. मग गाडी हलली आणि त्या आत सरकून नीट बसल्या. हात हलवला तो मला.

शेवटचा डबा गेला तरी अण्णा तिथंच उभे होते. मला त्यांची कीव आली असं कोणाला वाटेल, तर तसं काही झालं नाही. मला घरी जाऊन सामान बांधायचं होतं. तरी मी म्हटलं, “चुलीच्या डाव्या अंगाला, खालच्या फळीवर. चिनी मातीच्या बरणीत.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं, कोट सारखा केला. “ते मला ठाऊक हाय की,” म्हणाले, आणि जिन्याकडे चालू लागले.